चित्र आहे, आवाज नाही

टीव्ही पुरात गेला.
छत्री मात्र वर राहिली, गच्चीवर,
आग्नेयेला, जयसिंगपूरच्या अंगाला तोंड करून,
खाली घरात काय चाललंय याचं तिला काहीच नसल्यासारखी.

या दिवाळीत मिरजेहून मुजावरांच्या दुकानातून
साबणाच्या वडीएवढी एक डबी आणली.
छत्रीची वायर तिच्यात, तिची वायर लॅपटॉपात.
खोलीत धड प्लग एकच.
तो डबीला दिला, लॅपटॉप बॅटरीवर.

स्कॅन लावला.
हिरवी पट्टी सरकत होती
आणि अण्णा खुर्ची ओढून असे बसले
जसं काट्यावर गाडी चढलीय आणि वजन यायचंय.

सिग्नल एकसष्ट टक्के.
वाहिन्या एकशे अठरा.
मराठी बातम्या दाबल्या, बाई आली,
निळी साडी, मागं नकाशा, सगळं काचेसारखं.
आवाज नाही.

सेटिंगं उलटीपालटी केली. हेडफोन लावून पाहिले.
एकशे अठरा वाहिन्यांवर माणसं
तोंडं हलवत होती.

अण्णांना सांगितलं नाही.
मिलहाऊसला एकतीस गळीत हंगाम काढलेला माणूस,
त्याला काय सांगणार आवाज नाही म्हणून?

पूर्वीच्या टीव्हीला मुंग्या यायच्या.
वारं सुटलं की मुंग्या, विमान गेलं की मुंग्या,
तरी मुंग्यांच्या पलीकडं माणूस दिसायचा, ओळखू यायचा.
आता तसं नाही.
आता असतं, नाहीतर चौकटी चौकटी होऊन
गालाचा तुकडा कपाळावर, आणि संपलं.
अण्णांचे कान जुन्या पद्धतीनं गेले.
मुंग्या येत येत.
आम्हाला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

‘बाई म्हणतीया,’ अण्णा एकदम बोलले,
‘धरणातनं पाणी सोडायचं अजून ठरंना.’

मी पाहिलं त्यांच्याकडं.

‘आणि ह्यो मंत्री. पडसं झालंय बघ त्याला.
न्हाई न्हाई म्हणतोय, पर देणार हाय.’

रोलरच्या धडधडीत कोण कुणाचं ऐकणार?
तिथं सगळे ओठांवरून, हातांवरून बोलायचे.
मूठ उघडली मिटली, रस कमी.
दोन बोटं गळ्याला, पट्टा तुंबला.
लहानपणी अण्णा जेवतानाही असे हात करायचे
आणि आई म्हणायची, घरात माणसासारखं बोला.

नऊ दिवस मी बातम्या
अण्णांकडून ऐकल्या.
खऱ्या किती, देव जाणे.
पावसाचा अंदाज त्यांचा चुकला नाही.
एका मालिकेतली सून खोटं बोलतेय हे त्यांनी
तिनं तोंड उघडायच्या आधी सांगितलं.
शेजारचे जिनगोंडा काका येऊन बसले,
‘आवाज का गं न्हाई, पद्मल?’
मी ओठांवर बोट ठेवलं.
तेही बसले ऐकत.

दहाव्या दिवशी, असंच, काही शोधत नसताना
एका कोपऱ्यात एक बारकी चौकट दिसली,
तिच्यावर बरोबरची खूण केली
आणि बाईला कंठ फुटला.
घोगरा निघाला. मला बारीक वाटला होता.
ती कांद्याच्या निर्यातीबद्दल बोलत होती.
अण्णा उसाच्या दराबद्दल.

आवाज चित्राच्या थोडा मागं चालायचा,
अर्धा क्षण असेल.
अण्णा बाईच्या अर्धा क्षण पुढं.
मधे मी.
एका कानानं कांदा, दुसऱ्यानं ऊस,
आणि उघड्या खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास.

बंद करावा का आवाज?
बोट कळीवर नेलं, परत आणलं.

बॅटरी नऊ टक्के.
पडद्यावर लाल खूण आली, अण्णांनी माझ्याआधी पाहिली,
आणि उजवा तळवा वर करून
हवेत सावकाश दोनदा फिरवला.
ही खूण मला येते.
रोलर थांबवा. पाळी सुटली.